टाइप केलेला चाळीस

मित्रांनो, मी एक जुना आकडा आहे. कोइमतूरच्या एका वर्कशॉपमधल्या कॉम्प्युटरवर, यारीच्या ड्रॉइंगमध्ये मी राहतो. यारी म्हणजे विहिरीत माणसांचा पाळणा सोडणारे यंत्र. तिच्या मुख्य पिनेची जाडी सांगणे हे माझे काम.

जन्मलो तेव्हा मी बत्तीस होतो. ड्रॉइंग करणाऱ्या थेन्मोळीने पिनेची रेघ ओढली आणि ती मोजून कॉम्प्युटरने मला लिहिले. अडीच मिलिमीटर उंच, सरळ, सुबक. "कदिर अण्णा, अक्षर बघा कसं आलंय!" असे ती म्हणाली होती. त्या कौतुकावर मी दोन वर्षे काढली. रेघ बदलली की मीही आपोआप बदलायचो. खोटे बोलणे मला ठाऊकच नव्हते.

मग एका गिऱ्हाइकाला दोनऐवजी चार माणसे पेलणारी यारी हवी होती. पिन चाळीसची करायचे ठरले. तिच्यासोबत ड्रॉइंग करणाऱ्या कदिरवेलला त्या दिवशी घाई होती. त्याच्या भाचीचे कान टोचायचे होते आणि मामाच्या मांडीवाचून ते अडले होते. त्याने रेघेला हातही लावला नाही. मला पुसले आणि माझ्या जागी टाइप केले: ४०. मी घाबरलो. माझ्याखालची रेघ बत्तीसचीच होती!

खिडकीपलीकडचे सगळे मला ऐकू येई. कागद वाचून लेथवर पिन चाळीसची झाली. पत्रा कापणारे यंत्र मात्र आकडे वाचत नाही, रेघा बघते. त्याने पिनेचे भोक बत्तीसचे पाडले. पिन आत जाईना.

"आता नवा पत्रा कोण कापत बसणार?" लेथवाला वैतागला. "पिनच उतरवतो थोडी."

आठ मिलिमीटर म्हणजे थोडी! तो घासल्याचा आवाज ऐकून मला कापरे भरले. कारण नव्या यारीत पहिल्यांदा आपल्याच माणसाने उतरायचे, ही आमची रीत. ते काम म्हाताऱ्या फिटर आरुच्चामींचे. अंगणातल्या विहिरीवर पाळण्यात तीन माणसांच्या वजनाची वाळू चढली. चौथे ते स्वतः. मी ओरडू तरी कसा?

चाचणी बघायला आलेले गिऱ्हाईक ड्रॉइंग पाहून म्हणाले, "आमच्याकडे प्रत्येक मापाला एक दशांश स्थळ लागतं हो." थेन्मोळीने आकड्यांची मांडणी बदलली. भराभर सगळे १८.० झाले, १२०.० झाले. हाताने टाइप केलेला मी एकटा तसाच राहिलो. ४०.

तिची नजर माझ्यावर अडली. तिने टाइप केलेले पुसले. कॉम्प्युटरने पुन्हा रेघ मोजली आणि लिहिले: ३२.०.

"आरुच्चामी मामा, उतरू नका!" खुर्ची पाडून ती धावली.

मग बराच वेळ काही ऐकू आले नाही. मित्रांनो, तेवढी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही.

शेवटी आरुच्चामी आत आले आणि त्यांनी टेबलावर पिन ठेवली. नुसती वाळू उचलतानाच ती केळ्यासारखी वाकली होती.

"अम्मिणी, पोरी, एक पाय आत होता माझा," ते म्हणाले. "कदिरला सांग, भाचीला उतरव म्हणावं, आता मला घे मांडीवर." ते हसले, पण थेन्मोळीने दिलेल्या कॉफीला त्यांनी तोंडही लावले नाही. पेला तसाच खाली ठेवून दिला.

आता रेघही चाळीसची आहे आणि मी ४०.० आहे, खराखुरा. तरी कुणी माझ्यावर दोनदा क्लिक केले की माझा थरकाप होतो. मित्रांनो, मला बदलायचे असेल तर आधी रेघ बदला. तिकडे विहिरीच्या काठावर कुणीतरी एक पाय पाळण्यात ठेवून उभे असते.