मामाचा आवाज

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा पाहू. शाळेने नवं सॉफ्टवेअर घेतलंय आणि बिट्टीचा अख्खा वर्ग संगणकाच्या पडद्यावर चौकोनाचौकोनांत बसलाय. घरी बिट्टीच्या शेजारी बसून तिचा सुतार मामा भोवरा कसा घडवायचा ते वर्गाला दाखवतोय. किती हौसेने तयारी केली होती त्याने! पण मामा बोलताना अडखळतो. तो "भ-भ-भोवरा" म्हणाला आणि पडद्यावर कुणीतरी खुदकन हसलं. बिट्टीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने हळूच माउस सरकवून वर्गाला जाणारा मामाचा आवाज बंद केला. मामा मात्र रंगात येऊन बोलत राहिला.

भोवरा घडवून झाल्यावर बाई म्हणाल्या, "अहो मामा, मघापासून तुमचं काहीच ऐकू येत नाहीये!"

मामाचा चेहरा उतरला. "बि-बिट्टे, मी मेला अडाणी! माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं असणार. चारचौघांत तुझी मान खाली घातली गं."

त्याचे दोन्ही हात तर सारा वेळ लाकडावरच होते. बिट्टीला त्याच्याकडे बघवेना.

तिने आवाज सुरू केला आणि साऱ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाली, "बाई, आवाज मी बंद केला होता. मला मामाच्या बोलण्याची लाज वाटली."