दुसऱ्यांदा आलेल्या ओळी

आमची सूनबाई म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणी गोळा करते. त्यांना बोलतं करायचं, बोललेलं जसंच्या तसं टाइप करायचं, प्रत्येकाची एक फाइल. तिच्या ऑफिसात अशा फाइलींचा डोंगर झालाय. मग घरातली दोन म्हातारी ती कशी सोडेल? माझी फाइल चांगली जाडजूड झाली, कारण मी अस्वलाला चीतपट केलं तेही त्यात आहे. आमच्या ह्यांची फाइल मात्र नुसत्या कुलपांची. जन्मभर कुलपं दुरुस्त केली, तेवढंच बोलले. लग्नाचं, मुलाचं, संसाराचं विचारलं की म्हणायचे, "हिने सांगितलं तेच माझं. घे उतरवून."

सूनबाईने खरंच माझ्या फाइलीतल्या त्या ओळी उचलून ह्यांच्या फाइलीत चिकटवल्या.

पुढे तिच्या साहेबांनी फर्मान काढलं, एकच गोष्ट दोनदा नको. सूनबाई भर दुपारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत तिने बोटभर लांबीचा हुकूम लिहिला.

"हे काय गं, मंत्रतंत्र?"

"मंत्रच समजा, आई. हा एकामागून एक फाइली उघडतो. आधी येऊन गेलेली ओळ पुन्हा दिसली की उडवतो. हजार फाइली असू देत, एका दमात. आधी तुमच्या दोघांवर करून बघते."

"काही बिघडलं म्हणजे? एखादी प्रत ठेवलीस का बाजूला?"

"दोन फाइलींना कसली प्रत, आई!"

माझी फाइल पहिली, ह्यांची दुसरी. तिने एंटर दाबलं.

गॅलरीत हे कुलपाला कानस घासत बसले होते. तो आवाज मध्येच तुटला. थोड्या वेळाने हे आत आले, मला बघून अंग चोरून बाजूला झाले. परक्या बाईला वाट देतात ना, तसे.

"बाई, तुमचं कुलूप झालंय."

"अहो, चेष्टा पुरे."

"तुम्ही मला ओळखता?"

उभ्या संसारात ह्या माणसाने मला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

सूनबाईने ह्यांची फाइल उघडली. कुलपं, किल्ल्या, परत कुलपं. लग्न नाही, मुलगा नाही, मी नाही. तिकडे हे भिंतीवरच्या आमच्या फोटोसमोर उभे.

"छान जोडपं आहे," म्हणाले. "आहेत का अजून?"

ह्यांनी हत्यारांची पिशवी खांद्याला लावली.

"निघतो. दुकानात उस्ताद वाट बघत असतील."

ह्यांना कुलपांचं काम शिकवणारे उस्ताद जाऊन जमाना झाला. दुकान पाडून तिथे दवाखाना उभा राहिला. हे एकदा दाराबाहेर पडले असते, तर कुठे जाऊन थांबले असते कोण जाणे.

"आई, तुमच्या फाइलीत त्या ओळी शाबूत आहेत," सूनबाई रडकुंडीला आली होती. "पण त्यातल्या बाबांना कुठल्या दिल्या होत्या ते आता कसं कळणार? सगळं वाचून निवडावं लागेल."

हे दाराशी बसून बूट चढवत होते. एक चढला होता.

"निवडत बसू नकोस. सगळं घाल."

"सगळं? अस्वलसुद्धा?"

"अस्वलसुद्धा! माणूस चाललाय गं माझा!"

तिने नवा हुकूम लिहिला. माझी अख्खी फाइल ह्यांच्या फाइलीच्या शेपटीला जोडली. एंटर.

हातातला बूट ह्यांनी खाली ठेवला. पायातला काढला. उठले ते सरळ स्वयंपाकघरात, जिथे ह्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. डाळींच्या डब्यांमागे हात घातला, मी ह्यांच्यापासून लपवलेला बिस्किटांचा डबा न चाचपता काढला, आणि आणखी आत सरकवून ठेवला. मग कमरेवर हात ठेवून वळले.

"सूनबाई, टेबलावर कोपरं टेकू नयेत, किती वेळा सांगायचं?"

शब्द माझे. कमरेवरचा हातही माझा.

चहा टाकता टाकता हे तिला सांगू लागले, "तुझ्या नवऱ्याच्या वेळी कळा सुरू झाल्या, तेव्हा घरात मी एकटीच. दाताखाली पदर धरला, पण ओरडले नाही हो."

पांढऱ्या मिशांखालून ते बोलणं येत होतं. सूनबाई माझ्या कानाशी कुजबुजली, "आई, काढून टाकू का परत?"

"काढलंस तर पायात बूट चढतील."

तिने लॅपटॉप मिटला.

मी ह्यांच्या डोळ्यांत बघितलं. ओळख होती, अगदी पुरेपूर. पण समोर कुणीतरी आहे आणि मला बघतंय, तसं काही वाटेना. आरशासमोर बसल्यासारखं वाटलं.

ह्यांनी कपबशी माझ्यापुढे सरकवली, मान जराशी तिरकी केली.

"अहो, ऐकलंत का? चहा निवतोय."

घरात कुणीतरी ओ द्यायला हवी होती. हे वाट बघत उभे होते.

"आलो," मी म्हटलं.