परातीत एकच पाय

मी परात आहे. पितळेची, रुंद काठाची, चांगली जाड. तारनाक्याच्या एका गल्लीत मराठी ख्रिस्ती लोकांचं छोटं चर्च आहे, तिथे माझा मुक्काम. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी पाळक आपल्या मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुवायचे, ते माझ्यात. प्रभू येशूनं आपल्या शिष्यांचे धुतले होते म्हणून. बाकी वर्षभर मी कमिटीच्या खोलीत कपाटावर उपडी पडून असायचे. इतके पाय पाहिलेत की चेहऱ्यांकडे माझं फारसं लक्षच जात नाही. चर्चला येताना माणसं चेहरा नीट करून येतात. पायांचं तसं फार जमत नाही.

आज मी चिडून बोलते आहे, हे आधीच सांगते. पितळेचा आवाज आहे, कानाला लागेल.

माझा जन्म नांदेडचा. तांबटाच्या हातोडीचे ठोके माझ्या बुडाला अजून दिसतात. लग्नात मी याच मंडळीतल्या उमाजींच्या आईला मिळाले आणि तिच्याबरोबर मीटरगेजच्या गाडीनं काचीगुड्याला उतरले. तिचा नवरा रेल्वेत लागला होता. क्वार्टरच्या त्या दोन खोल्यांत मी काय नाही केलं? माझ्यात भाकरीचं पीठ मळलं, तांदूळ निवडले, पापड वाळवले. लहानग्या उमाजीला मांडीवर घेऊन आई न्हाऊ घालायची, तेव्हा खाली मीच असायचे. त्याचे पाय मी तेव्हापासून ओळखते. पाणी अंगावर पडलं की दोन्ही टाचा माझ्या काठावर आपटायचा.

त्या काळी मंडळीचे पाळक होते शंकरराव. सायकलवरून घरोघरी फिरायचे, सगळ्यांचं करायचे, पण माणूस भलता रागीट. एका रविवारी त्यांनी भर उपासनेत उमाजींच्या आईला झापलं. तिनं धाकट्या जावेला घराबाहेर काढलं, असं कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. खरं तर जाऊ बाळंतपणाला माहेरी गेली होती. आई बिचारी घरी आली आणि माझ्यात पीठ घेऊन मळत बसली. मळता मळता डोळे पुसत होती. त्या दिवसाच्या भाकरीत मीठ घालायची गरज नव्हती.

आई सांगायची, पुढच्या रविवारी शंकरराव व्यासपीठावर चढलेच नाहीत. बाकांच्या मधल्या वाटेत येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मागच्या रविवारी मी या बाईंना तुमच्यासमोर खोटं पाडलं. त्या खऱ्या आहेत. मी विचारपूस न करता बोललो. आता माझं काय करायचं ते पंचांनी सांगावं."

पंच म्हणजे मंडळीनं निवडलेली वडीलधारी माणसं. त्यांनीही भीड धरली नाही. महिनाभर उपदेश करायचा नाही, असं सांगितलं. शंकरराव महिनाभर शेवटच्या बाकावर बसले, लहान मुलांच्या गोंगाटात. नंतर पाय धुण्याच्या उपासनेसाठी त्यांना भांडं हवं होतं, तेव्हा आईनं मला उचलून दिलं. "न्या. परत आणू नका," म्हणाली. माझ्यात धुतलेले पहिले पाय तिचेच. टाचांना भेगा होत्या. शंकररावांनी त्या इतक्या जपून धुतल्या की पाणी हललंसुद्धा नाही.

शंकरराव संत नव्हते. पुढेही त्यांचा आवाज चढायचा. पण जिथे चढला तिथेच, त्याच लोकांसमोर, ते तो खाली आणायचे. ते गेले. त्यांच्यामागे कितीतरी पाळक आले, काही बरे, काही कंटाळवाणे. मग पास्टर हर्षवर्धन आले.

त्यांना मी सरसकट नावं ठेवणार नाही. सुरुवातीला कोणाच्या घरी दुःख झालं की पहिली गाडी त्यांची पोचायची. आवाज असा की रडणारं माणूस गप्प व्हावं. लोक वाढले. कुकटपल्लीहून तरुण पोरं-पोरी यायला लागल्या. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, मग गाण्यांचे शब्द इंग्रजी अक्षरांत पडद्यावर झळकायला लागले. तेही ठीक. पण हळूहळू व्यासपीठाचं स्टेज झालं. बाहेरच्या फलकावर येशूच्या नावापेक्षा पास्टरांचा फोटो मोठा झाला. पंच गेले आणि त्यांच्या जागी पास्टरांनीच निवडलेली टीम आली. पंच प्रश्न विचारायचे. टीम टाळ्या वाजवते.

उमाजी आता म्हातारे झाले होते. रेल्वेतूनच रिटायर झाले. त्यांना शुगर होती. नवी चप्पल लागून डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि ती काही केल्या भरेना. तशात आरोग्यासाठी खास प्रार्थनेची सभा ठरली. त्या दिवशी मला कपाटावरून काढलं, चिंच लावून लखलखीत घासलं आणि स्टेजवर टेबलावर ठेवलं. मला वाटलं, प्रसंग काहीतरी वेगळा दिसतोय.

पास्टर हर्षवर्धन माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तुमचा भरवसा कोणावर आहे? देवावर, की खिशातल्या गोळीवर? ज्याचा देवावर आहे, त्यानं गोळ्या इथे टाकाव्यात!"

लोक उठले. ब्लडप्रेशरच्या, थायरॉइडच्या, झोपेच्या गोळ्यांची पाकिटं माझ्यात पडायला लागली. उमाजी लंगडत आले. शर्टाच्या खिशातून शुगरच्या गोळ्या काढल्या आणि क्षणभर माझ्या काठावर हात टेकवून थांबले. मी पितळेची आहे, मला हात नाहीत. असते तर त्यांचं मनगट धरलं असतं. पास्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, "टाका, काका. आजपासून तुम्ही बरे झालात." उमाजींनी टाकल्या. हालेलुयाचा गजर झाला. व्हिडिओ निघाला. पुष्कळ लोकांनी पाहिला म्हणतात.

त्यांची बायको इंदुताई तेव्हा गुडघेदुखीनं घरीच बसून होती. तिला हे चार दिवसांनी कळलं. ती भांडली, तर उमाजी म्हणाले, "आता गोळी घेतली तर माझा विश्वास खोटा ठरेल." माणूस साधा, दिलेल्या शब्दाला जागणारा. अंगठा काळा पडला तरी शब्दाला जागत राहिला. शेवटी त्यांची मुलगी शिल्पा कुकटपल्लीहून आली, पाय पाहून किंचाळली आणि त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेली. तोवर उशीर झाला होता. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

हे सगळं मला कपाटावरूनच कळलं, कारण इंदुताई कमिटीच्या खोलीत आली. आत पास्टर होते आणि सेक्रेटरी अनिरुद्ध होते. इंदुताई बसली नाही.

"दवाखान्यात तुमी आले नाही," ती म्हणाली.

"प्रार्थनेत होतो, ताई. रोज त्यांचं नाव घेत होतो."

"गोळ्या टाका म्हणून तुमीच बोलले ना?"

पास्टरांनी डोळे मिटले, उघडले. "मी विश्वासाचं आवाहन केलं. प्रत्येकाचा विश्वास प्रत्येकाजवळ. कदाचित काकांच्या मनात थोडी शंका राहिली असेल."

इंदुताई हळू म्हणाली, "शंका राहिली असती तर पाय राहिला असता, पास्टर."

अनिरुद्ध मध्ये पडले. "ताई, देवाच्या सेवकाशी असं बोलू नये. जरा नम्र व्हा. सगळं ठीक होतंय."

"हौ, नम्र. आमीच नम्र व्हायचं. पाय बी आमचाच जायचा आणि मान बी आमीच खाली घालायची. मला पैसा नक्को, काई नक्को. सभेत बोललात, तसं सभेतच सांगा की चुकलं. अजून किती घरांत लोक गोळ्या सोडून बसलेत, तुमाला ठाऊक तरी आहे का?"

"आपण यावर प्रार्थना करू," पास्टर म्हणाले.

त्या दिवसापासून मला त्या वाक्याची चीड आली आहे. देवापुढे गुडघे टेकणं चांगलं, पण माणसापुढे उभं राहायचं टाळायला गुडघे टेकायचे, हे मी शंकररावांच्या काळात पाहिलं नव्हतं.

उत्तम शुक्रवारच्या आधीचा गुरुवार आला. पुन्हा चिंच, पुन्हा घासणं. स्टेजवर बारा खुर्च्या मांडल्या. पाय कोणाचे धुवायचे, हे अनिरुद्धांनी निवडलं होतं. सगळे गोरेगोमटे, घरून साबणानं धुऊन आणलेले पाय. पास्टरांच्या गुडघ्यांसाठी मखमली उशी होती. कॉलरला छोटा माइक होता. कॅमेरा चालू होता.

पास्टर पहिल्या खुर्चीपाशी येत होते, तेवढ्यात मागून खट्‌ खट्‌ आवाज आला. उमाजी कुबड्यांवर येत होते. बाजूला इंदुताई होती. अनिरुद्ध पुढे धावले, "काका, लाइव्ह चालू है, नंतर या." उमाजी थांबले नाहीत. पहिल्या खुर्चीवर विमलाबाई बसल्या होत्या, मुलींच्या शाळेतून रिटायर झालेल्या बाई. त्या उठल्या आणि शेजारच्याला सरकायला लावून दुसरीवर बसल्या. उमाजी पहिल्या खुर्चीत बसले आणि त्यांनी उजवा पाय माझ्यात ठेवला.

माझ्यात आजवर कधी एकटा पाय आला नव्हता. दुसऱ्या पायाची जागा तशीच रिकामी, नुसतं पाणी.

आता सगळे बघत होते. पास्टर गुडघ्यांवर बसले. तांब्या उचलला. पाणी न ओतता तो तसाच धरून ठेवला, आणि मला क्षणभर आशा वाटली.

"पास्टर," उमाजी म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण त्या छोट्या माइकनं तो भिंतीभिंतीला नेला. "हा पाय राहू द्या. तो बरा आहे. दुसऱ्याचं बोला."

पास्टरांनी तांब्या खाली ठेवला.

"मला राग नाही," उमाजी म्हणाले. "चुकलो म्हणा. मी बी चुकलो, मी म्हणतो की. तुमी बी म्हणा. मग धुवा."

'मी चुकलो', दोनच शब्द होते. मला वाटत होतं, म्हण, हर्षवर्धन. तुझा आवाज चांगला आहे, त्या आवाजात हे दोन शब्द किती शोभतील. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी लोक रडले असते आणि तुला उचलून धरलं असतं.

पास्टरांनी डोळे मिटले, हात वर केले आणि मोठमोठ्यानं प्रार्थना सुरू केली. "हे प्रभो, या तुझ्या लेकराच्या मनातली कटुता काढून टाक..." अनिरुद्धांनी खूण केली आणि कीबोर्ड वाजायला लागला. प्रार्थना लांबत गेली. आमेन झाल्यावर उमाजी पुन्हा म्हणाले, "मग? चुकलं का नाही?"

पास्टर उठले. मला उमाजींच्या पायाखालून ओढून घेतलं आणि विमलाबाईंपुढे ठेवलं. विमलाबाईंनी दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "आधी त्यांना उत्तर द्या," त्या शाळेतल्या आवाजात म्हणाल्या.

तिसऱ्यानं पाय पुढे केले, जरा जास्तच पुढे. चौथ्यानं मागे घेतले. काहींनी खाली बघत धुऊन घेतले. सगळ्यांनी पाय मागे घेतले असते तर गोष्ट ऐकायला बरी वाटली असती. पण तसं झालं नाही. पास्टरांनी झगा सावरला, आशीर्वाद दिला आणि उपासना संपवली.

पुढे काय झालं म्हणाल, तर व्हिडिओ काढून टाकला गेला. पुढच्या रविवारी 'टीका सोसणारा सेवक' या विषयावर उपदेश झाला. चर्चच्या वरच्या ऑफिसातून चौकशीला दोघे आले. ते पास्टरांच्याच घरी जेवले, त्यांच्याच गाडीतून गेले. उमाजींना त्यांनी काही विचारलं नाही. एवढं मात्र झालं की काही जणांनी पुन्हा गोळ्या सुरू केल्या. विमलाबाई त्यांच्या घरोघरी जाऊन बसल्या, म्हणून. आणि पाय धुण्याची प्रथा बंद झाली. ती आता जुनी वाटते म्हणे. त्याऐवजी पडद्यावर चित्रफीत दाखवतात.

मला स्वयंपाकघरात टाकलं. मंडळीचं जेवण असलं की माझ्यात कणीक मळतात. एका परीनं बरं झालं, तिथे निदान माझा उपयोग होतो.

परवाच्या रविवारी इंदुताई मळायला बसली होती. शिल्पानं किती सांगितलं तरी दोघांनी चर्च सोडलेलं नाही. "चर्च काई त्यांच्या बापाचं आहे?" असं ती म्हणते. तेवढ्यात दारात पास्टर हर्षवर्धन आले. एकटेच. माइक नाही, झगा नाही, टीम नाही. चेहरा उतरलेला. इतक्या वर्षांत मला तो चेहरा पहिल्यांदाच नीट दिसला.

"इंदुताई, काका कसे आहेत?"

तिनं पिठानं भरलेले हात वर केले नाहीत. "बाहेर बसलेत. गेटजवळच्या बाकावर. जाऊन विचारा की."

ते दारातच थांबले. एकदा वळून गेटच्या बाजूला बघितलं, एक पाऊलही टाकलं त्या दिशेनं. इंदुताईचे हात थांबले. मीही थांबले, परातीला थांबता येतं तेवढी. मग त्यांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत मागच्या दारानं गाडीकडे निघून गेले.

इंदुताई पुन्हा मळायला लागली. इतक्या जोरात की मी फरशीवर गरगर फिरले.

मी भांडं आहे. मला पाळक नेमता येत नाही, काढता येत नाही. विनवणी करता येते, तेवढी करते. स्टेजवर गुडघे टेकायला पुष्कळ जण तयार असतात, तिथे उशी असते. पण त्या बाकापर्यंतची वाट साधी फरशीची आहे. पास्टर, म्हातारा रोज थोडा थोडा थकतोय. अजून तो दर रविवारी तिथेच बसतो, आणि बाकावर शेजारची जागा रिकामी ठेवतो.