मल्लाप्पांचा आठ दिव्यांचा टेस्टर

मी मल्लाप्पांच्या कमरेच्या पिशवीतून बोलतोय. आवाज दबका वाटला तर समजून घ्या. माझ्या अंगावर एक स्क्रू-ड्रायव्हर, दोन पेनं आणि बडीशेपेची पुडी पडलेली आहे.

मी केबल टेस्टर. कंप्युटरला नेट आणून देणारी जी वायर असते, तिच्या पोटात आठ बारीक तारा असतात. त्या धड आहेत की कुठे तुटल्यात, हे सांगणं माझं काम. मी दोन तुकड्यांचा आहे. मोठा तुकडा वायरीच्या एका टोकाला लावायचा, छोटा दुसऱ्या टोकाला. मग आम्हा दोघांच्या अंगावर एक ते आठ असे हिरवे दिवे ओळीने लागत जातात. तिसरा दिवा लागला नाही, तर तिसरी तार गेली असं समजायचं. छोट्या तुकड्याला मल्लाप्पा लाडानं 'पिल्लू' म्हणतात. मला नुसतंच 'टेस्टर'. एवढ्या वर्षांच्या चाकरीनंतरही माझ्या वाट्याला लाडाचं नाव आलेलं नाही, हे इथं नोंदवून ठेवतो.

होसकोट्याच्या एका शेडमध्ये माझी जुळणी झाली. जुळणाऱ्या बाईनं पोटात सेल घातला, आठही दिवे लागलेले पाहिले, 'सरी', म्हणजे ठीक, म्हणाली आणि खोक्यात टाकलं. माझं बारसं एवढंच. तिथून मी बेंगळूरच्या एस. पी. रोडवरच्या एका बोळातल्या दुकानात आलो. मल्लाप्पा तेव्हा निपाणीहून बेंगळूरला नवीन आले होते. गिऱ्हाईक म्हणून अगदी चिकट. त्यांनी घरून एक वायर आणली होती, आतली चौथी तार मुद्दाम तोडून. मला ती लावून बघितली. मी तीन दिवे लावले, चौथा सोडला, पुढचे चार लावले.

"खरं बोलतंय की हे!" म्हणाले, आणि मला पिशवीत घातलं. त्याला अकरा वर्षं झाली.

आमचं ऑफिस हेब्बाळला, पाचव्या मजल्यावर. गावोगावच्या दवाखान्यांतून एक्स-रे येतात, इथले डॉक्टर ते पडद्यावर बघून रिपोर्ट धाडतात. सव्वाशे माणसं, दीडशे यंत्रं, आणि त्या सगळ्यांचं दुखणं-खुपणं बघायला मल्लाप्पा. हुद्दा सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटरचा, पण हाक सगळे 'अण्णा' अशीच मारतात.

इथं राहून मला माणसं चांगली कळली. नेट गेलं की माणूस आधी सर्व्हरला शिव्या देतो, मग कंपनीला, मग सरकारला. टेबलाखाली वाकून कुणी बघत नाही. दहातल्या सहा वेळा तिथं त्याच्याच पायानं वायर सैल झालेली असते. प्रिंटरचंही तेच. कागद आला नाही की लोक पुन्हा पुन्हा बटण दाबतात. मग चाळीस प्रतींची रांग लागते आणि प्रिंटर बिचारा मान टाकतो. मल्लाप्पा न बोलता ती रांग पुसतात, प्रिंटर बंद करून चालू करतात आणि सांगतात, "एकदाच दाबा. ते काय लिफ्टचं बटन नव्हे." पासवर्डाची चिठ्ठी कीबोर्डखाली लपवणाऱ्यांना वाटतं ही युक्ती जगात फक्त आपल्यालाच सुचली. गेल्या मार्चमध्ये मल्लाप्पांनी एका दिवसात अशा एकोणीस चिठ्ठ्या गोळा केल्या होत्या.

त्यांचे स्वतःचे नियम मात्र कडक. एका वेळी एकच बदल करायचा. वायर काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्यायचा. वायरीच्या दोन्ही टोकांना नावाची पट्टी लावायची. आणि दुसरं टोक कुठं जातं हे माहीत नसेल, तर हातातलं टोक कुठंही घालायचं नाही. हे ते इतक्यांदा सांगतात की चहावाल्यालाही पाठ झालंय.

आता गेल्या वर्षीच्या खंडेनवमीचं सांगतो. इथं तिला आयुध पूजा म्हणतात. सुट्टीच्या आधीच्या शुक्रवारी ऑफिसातली सगळी यंत्रं बंद करून पुसायची, हळदीकुंकू लावायचं, हार घालायचा, दारात कोहळा फोडायचा आणि चुरमुरे-बत्तासे वाटायचे. हत्यारांना त्या दिवशी विश्रांती. मलाही सर्व्हर रूममध्ये पाटावर बसवलं होतं, कपाळाला कुंकू लावून. पिल्लूला अक्षताही मिळाल्या.

खोली झाडून पुसून दिली विठाबाईंनी. त्या हाऊसकीपिंगच्या, चिकोडीकडच्या. ऑफिसात हिंदी आणि कन्नडच जास्त चालते, म्हणून मल्लाप्पांशी घरच्या बोलीत दोन शब्द बोलायला त्या रोज येता-जाता थांबतात. शुक्रवारी त्यांनी फरशी पुसली, उंबऱ्यावर रांगोळी काढली आणि बाहेर गेल्या.

मग फोटोची वेळ झाली. मॅनेजर शुभदा मॅडम नुकत्याच पुण्याहून आलेल्या. सर्व्हरला घातलेला झेंडूचा हार बघून त्या हरखल्या होत्या. "थांबा थांबा, टीम फोटो घेऊ!" सगळे जमले. तेवढ्यात मल्लाप्पांना दिसलं की हारासमोर एक वायर लोंबते आहे. पूर्वी तिथं एक जादा कंप्युटर होता, तो काढला, पण त्याची वायर तशीच राहिली होती. फोटोत ती बरी दिसेना. मल्लाप्पांनी ते टोक उचललं आणि समोरच्या स्विचच्या रिकाम्या भोकात खोचून दिलं. मग केसांवरून हात फिरवून हसले.

लोका सांगे ब्रह्मज्ञान! दुसरं टोक कुठं आहे हे त्यांनी पाहिलंच नाही. ते त्याच स्विचमध्ये होतं. मी पाटावरून सगळं बघत होतो. पण मला बोलायला आठ दिवेच आहेत, आणि तेही कुणी वायर लावल्याशिवाय लागत नाहीत.

स्विच म्हणजे सगळ्या टेबलांच्या वायरी जिथं येऊन मिळतात तो चपटा डबा. एकाच वायरीची दोन्ही टोकं त्यात गेली, की निघालेला निरोप फिरून त्याच डब्यात येतो, पुन्हा निघतो, पुन्हा येतो. त्या गर्दीत खऱ्या निरोपाला वाटच उरत नाही. आमचा स्विच जुना. नव्यांना हे आपलं आपण कळतं, त्याला कळत नाही. शुक्रवारी सगळं बंद होतं म्हणून काही झालं नाही.

सुट्ट्या संपल्या. सकाळी यंत्रं चालू केली आणि ऑफिसभर नेट ठप्प. दवाखान्यांचे फोन सुरू झाले. मल्लाप्पांनी राउटर बघितला, बाहेरून येणारी लाइन बघितली, सर्व्हर दोनदा चालू-बंद केला. पुसताना वायरींना पाणी लागलं असेल म्हणून मला काढलं. एकेक वायर तपासू लागले. सगळ्या धड.

तेवढ्यात शुभदा मॅडम दारात आल्या. "मल्लाप्पा, फ्रायडेला ही रूम हाऊसकीपिंगनं क्लीन केली होती ना? मग ऑब्व्हियस आहे. मी त्यांच्या सुपरवायझरला सांगितलंय, त्या बाईंना उद्यापासून पाठवू नका."

मागे विठाबाई उभ्या होत्या, हातात पोछा. "मी वायरींना हात लावले नाही वो अण्णा. फरशी पुसले नि बाहेर गेले."

"बघतो की अक्का. आधी नेट येऊ दे." मल्लाप्पांनी मान वर केली नाही.

स्विचमधून पुढची वायर निघाली ती बिनपट्टीची. तिचं टोक माझ्या मोठ्या तुकड्यात घातलं आणि दुसरं टोक शोधायला ते पिल्लू घेऊन टेबलाटेबलाने हिंडू लागले. तिसऱ्या टेबलाशी पोचतात तोच सगळीकडून ओरडा झाला, "आलं! नेट आलं!"

मल्लाप्पा जागच्या जागी थांबले. मग परत आले. दार लोटून घेतलं, वायर बोटांत धरली आणि सरकत सरकत तिच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेले. ते त्याच स्विचमध्ये होतं; काढून पिल्लूत घातलं. आम्ही दोघं एकाच खोलीत, हातभर अंतरावर, एक ते आठ लखलखलो. वायरीत काडीचा दोष नव्हता.

त्यांना शुक्रवार आठवला. चेहऱ्यावरून कळलं मला.

ते स्टुलावर बसले. महिनाभर ऑफिसात कुजबुज होती की कंप्युटरची देखभाल बाहेरच्या एजन्सीला द्यायची. त्यात दोन तास कामकाज बंद, आणि कारण काय, तर फोटो! ती वायर गुंडाळून पिशवीत टाकली असती तर ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता. विठाबाईंचं नाव तर आधीच घेतलं गेलं होतं. खरं सांगतो, त्या पाच मिनिटांत मला माझ्या माणसाची भीती वाटली.

मग ते उठले. वायर हातात तशीच घेऊन मॅडमच्या टेबलाशी गेले. आजूबाजूला वीस माणसं होती.

"मॅडम, विठाबाईंनी काय केलं नाही. फोटोत वायर बरी दिसेना म्हणून मीच खोचलो. दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये गेली."

मॅडम बघतच राहिल्या. "तुम्ही? इतके सीनियर असून?"

"सीनियरच करतो हे. नवीन माणूस भितो, हात लावत नाही." घसा खाकरून म्हणाले, "आधी सुपरवायझरला फोन करा. मी इथं उभा आहे. रिपोर्ट मग लिहितो."

मॅडमनी फोन केला. त्यांच्या मोठेपणाची गोष्ट म्हणजे, नंतर त्या स्वतः उठून विठाबाईंकडे गेल्या आणि सॉरी म्हणाल्या.  विठाबाईंनी मॅडमच्या पायाखालची जागा उगाचच पुसली.

दुपारी मल्लाप्पा रिपोर्ट लिहायला बसले. विठाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "काय लिवलासा ते वाचून दावा की."

त्यांनी मराठीत वाचून दाखवलं. 'मल्लाप्पा यांनी न तपासता वायर लावली, त्यामुळे नेट बंद पडले.'

"नाव कशाला घालतासा अण्णा? नुसतं चूक झाली म्हणून लिवा."

"नाव नसलं तर लोक आपलं आपण घालतात, अक्का. सकाळी घातले नव्हे काय तुमचं?"

 विठाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "फोटोसाठी वायर खोचतेत व्हय? येडं!" आणि बादली उचलून गेल्या.

एजन्सी काही आली नाही. नवा स्विच तेवढा आला, आणि पडदा असलेला एक झकपक टेस्टरही. तो वायर किती मीटरवर तुटली तेही सांगतो. सांगू दे बापडा. त्याला कपाटात कुलूप लावून ठेवतात, मी मात्र रोज टेबलाटेबलाने फिरतो. माझा पाचवा दिवा हल्ली मंद लागतो, पिल्लूला चीर गेल्यामुळे चिकटपट्टी गुंडाळलीय, पण माझं बरं चाललंय.

निरोप घेण्याआधी एवढंच सांगतो. तुमच्याकडे कधी नेट बंद पडलं, तर आधी टेबलाखाली वाका. मग वायर बघा, मग स्विच. तिथंही काही सापडलं नाही, तर आदल्या दिवशी आपण स्वतः कशाला हात लावला होता ते शांतपणे आठवा. एवढं सगळं झालं, की मग खुशाल फरशी पुसणाऱ्या बाईकडे वळा. बहुतेक वेळा तोवर नेट आलेलं असतं.