घळीकडचं टोक

मी सशांचं जाळं बोलतोय. सध्या गुहेत, कोरड्या खड्ड्यात गुंडाळून पडलोय. उंदरांचा जाच सोडला तर तब्येत बरी आहे.

मला हारूने विणायला घेतलं. झुडपाच्या सालीचा वाख मांडीवर वळून तो दोरी करायचा आणि सावकाश एकेक गाठ मारायचा. माणूस भारी गप्पिष्ट, त्यामुळे तीन हिवाळे गेले तरी मी अपुराच होतो. मग एका उन्हाळ्यात हारूच गेला. शोकाच्या रीतीप्रमाणे त्याची बायको वासीपू आणि लेक नोवी, दोघींनी केस कापले.

आमच्याकडे पानं झडली की सगळी कुटुंबं माळावर जमतात. जाळ्याला जाळं बांधून लांबलचक कमान करतात आणि आरडाओरडा करत ससे तिकडे हाकतात. ज्याच्या जाळ्यात ससा, त्याचा ससा. पण जाळं साठ हात भरलं नाही, तर रांगेत जागा मिळत नाही. मी पाच हात कमी होतो. नोवीला दिवस गेले होते, बाळ ऐन थंडीत येणार होतं. सशांच्या कातड्यांचं पांघरूण नसेल तर आमच्या थंडीत तान्हं बाळ तगत नाही.

वाख संपलेला. वासीपूने दोघींचे कापलेले केस घेतले, त्यांचीच दोरी वळली आणि मला पुरं केलं. मला तेव्हा फार अभिमान वाटला होता.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. ससे धावत आले, केसांच्या टोकाशी माणसाचा वास आला आणि वळले ते थेट शेजारच्या दुकाच्या जाळ्यात. दुकाला ससे सोडवता सोडवता पुरेवाट झाली. माझ्यात फक्त तीन होते.

"काकी, ससे ओळखतात बरं का तुला," दुका म्हणाला. "म्हणाले, हिच्या वाटेला जायचं नाही."

"तुझ्या वाटेला आले ना? मग मुकाट्याने खा."

शिकारीचा म्होरक्या तुगा जवळ आला. "वहिनी, ते केसांचं टोक उद्या काढून टाका."

"काढलं तर जाळं कमी पडतं. मग जागा द्याल, भावजी?"

तुगा मान खाली घालून पुढच्या जाळ्याकडे गेला. साठ हातांचा नियम त्याच्याच बापाने घातला होता.

वासीपू माझ्यापाशी बसून रडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सकाळी ती उठली ती थेट तुगाकडे गेली.

"भावजी, दर वर्षी ससे कुठून निसटतात?"

"घळीतून. कमान घळीच्या तोंडाशी संपते, तोंड काही बंद होत नाही."

"मग आज मला शेवटी लावा. केसांचं टोक घळीच्या तोंडात."

"उलटं जाळं? ससे पळवायला?"

"ससे मला घाबरतात ना? मग मी दारातच उभी राहते."

दुका पोट धरून हसला. तुगा मात्र हसला नाही, त्याने माझे खुंट उपटून घळीकडे न्यायला सांगितले.

त्या दिवशी निसटायला म्हणून ससे घळीकडे आले, केसांपाशी दचकले, गर्रकन माघारी फिरले आणि थेट माझ्या पोटात शिरले. खुंट वाकले, दोऱ्या ताणल्या. सत्तर ससे! सोडवायला दुकालाच यावं लागलं.

"काकी, माझेही केस घे की जाळ्याला."

"तुला माणसं भीत नाहीत रे, ससे काय भिणार?"

थंडीत नोवीला मुलगी झाली, पिनाई. तिच्या पांघरुणाचे सगळे ससे माझेच.

त्यानंतर कितीतरी हिवाळे गेले. वासीपू या उन्हाळ्यात गेली. पिनाईने आपले केस कापले, गुहेत आली आणि उंदरांनी कुरतडलेलं माझं केसांचं टोक त्या केसांनी सांधलं. आता आजी, आई आणि नात एका गाठीत आहेत.

बाहेर पानं झडायला लागली आहेत. दोनचार दिवसांत तुम्ही शिकारीची मंडळी मला न्यायला याल. एकच मागणं आहे, लावताना केसांचं टोक घळीकडेच ठेवा. वासीपूला दारात उभं राहायची सवय आहे.