बंबावरची जागा

धाकटी अग्निशमन दलात लागली तेव्हा बापाचा ऊर भरून आला होता. तोही त्याच दलातून निवृत्त झालेला. पण ती एका शिक्षिकेसोबत संसार थाटून राहते हे वरिष्ठांच्या कानावर गेलं आणि ‘शिस्तीला बाधा’ असा शेरा मारून तिला घरी बसवलं. बापाने बोलणं टाकलं. देशातल्या कोर्टांनीही हात वर केले.

तिच्या वकीलबाई मात्र हटेनात. “आपल्या सरकारने मानवी हक्कांच्या करारावर सही केलीय. इथे दाद मिळाली नाही, तर त्या कराराच्या देशाबाहेरच्या न्यायालयात जाता येतं.”

“तिथले लोक माझं ऐकतील?”

“ऐकायलाच बसलेत ते. फक्त धीर धर.”

धीर धरता धरता धाकटीच्या नाकी नऊ आले. एकदाची सुनावणी लागली. परक्या शहरातल्या त्या दालनात सरकारी वकील म्हणाले, “अशा बाईवर सहकारी विसंबणार कसे?”

तेव्हा वकीलबाईंनी साक्षीदार बोलावला. त्याला पाहून धाकटी गारच पडली. बाप! त्याने साक्षीला होकार दिल्याचं तिच्यापासून लपवलं होतं.

“एकदा छत कोसळून मी आत अडकलो,” तो म्हणाला. “धुरातून एक हात आला, मी धरला. याच्या घरी वाट कोण बघतं, हे मी विचारलं नाही, साहेब. माझ्या पोरीने ज्यांना बाहेर काढलं, त्यांनीही विचारलं नसेल.”

बाहेर शिक्षिका वाट बघत थांबली होती. बाप तिच्याकडे वळून म्हणाला, “तुम्ही दोघी जेवलात का गं?” धाकटीला रडूच फुटलं.

निकालाने बरीच वाट पाहायला लावली, पण लागला तो स्वच्छ: तिच्या खासगी आयुष्याचा आणि समान वागणुकीचा हक्क डावलला गेलाय, नोकरी परत द्या. सरकारने आढेवेढे घेतले, शेवटी मानलं.

पहिल्या दिवशी दोघातिघांनी तोंड फिरवलं. बंबाचा चालक मात्र ओरडला, “आलीस? सुटलो बाबा! तुझ्या जागी आलेला गडी शिडी बघूनच घामाघूम व्हायचा.” हशा पिकला. तोंड फिरवलेल्यांपैकी एकाला हसू आवरेना.

तेवढ्यात भोंगा वाजला, आणि कोण कुणाशी बोलत नाही हे बघायला कुणालाच सवड उरली नाही.