बर्फाच्या कारखान्यावरची बोट

बंदराच्या कचेरीत सगळे त्याला नकाशेवाला म्हणत. मासेमारीला गेलेल्या बोटी आत्ता कुठे आहेत हे दाखवणारं इंटरनेटवरचं पान तो सांभाळायचा. बोटीवरचं यंत्र आपला ठावठिकाणा पाठवी आणि त्याने लिहिलेली स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, थोड्या थोड्या वेळाने आपोआप चालून तो ठावठिकाणा ठिपक्याच्या रूपात पानावर चढवी. घरोघरी बायका, आया, म्हातारे बाप ते पान उघडून बसत. त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा एका बोटीवर इंजिन सांभाळायचा, तरी घरात सगळे त्याला थट्टेने कप्तान म्हणत. तो चिडवायचा, "दादा, तुमचं काम म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. समुद्र कधी जवळून बघितलाय का?"

त्या पानात एक खोड होती, आणि ती त्यानेच घातली होती. सुरुवातीला संदेश तुटला की ठिपका जागच्या जागी थांबे. असाच एकदा कप्तानच्या बोटीचा ठिपका थांबला आणि धाकटी बहीण अनवाणी धावत कचेरीत आली. बोट ठणठणीत होती, यंत्राची बॅटरी तेवढी उतरली होती. पण तिचा तो चेहरा त्याला बघवला नाही. त्याने स्क्रिप्टमध्ये भर घातली: संदेश आला नाही, तर आधीच्याच वेगाने, आधीच्याच दिशेने ठिपका पुढे सरकवायचा. अंदाजाचा ठिपका फिक्या रंगात दाखवायचं त्याच्या मनात होतं. कचेरीतले साहेब म्हणाले, "फिका कशाला? लोक उगाच शंभर प्रश्न विचारतील." मग ते राहिलं ते राहिलंच. घाबरे फोन थांबले आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

एका दुपारी साहेब पोट धरून हसत आत आले. "अहो नकाशेवाले, तुमची एक बोट धक्का ओलांडून बर्फाच्या कारखान्यावर चढलीय. आता काय बाजारहाट करून येणार की काय?"

तोही हसला. हसतच त्याने पान उघडलं. कारखान्याच्या छपरावर कप्तानच्या बोटीचा ठिपका होता आणि नावापुढे ‘पोहोचली’ असं लिहिलं होतं. ठिपका बंदरात शिरला की तो शब्द आपोआप उमटायचा.

पोहोचली ना, मग झालं, असं म्हणत त्याने आधी वेळापत्रक तपासलं. स्क्रिप्ट वेळच्या वेळी चालत होती. एकही फेरी चुकली नव्हती, कुठे लाल अक्षरात तक्रार नव्हती. मग त्याने बोटीकडून आलेले मूळ संदेश काढले. शेवटचा संदेश आदल्या दिवशी सकाळचा होता, भर समुद्रातला. त्यानंतर काहीच नव्हतं. तेव्हापासून पानावरची ती बोट एकटी त्याची स्क्रिप्टच चालवत होती.

त्याने बचाव पथकाला फोन लावला.

"ती बोट? ती तर आली ना," पलीकडचा माणूस म्हणाला. "आम्ही तुमचंच पान बघतो."

"आलेली नाही. मी सांगतो ती जागा लिहून घ्या."

काल वादळ नव्हतं, पण काल शोधायला कुणी निघालंही नव्हतं, कारण पानावर सगळं आलबेल होतं. फोन ठेवून त्याने ती भर काढून टाकली. ठिपका कारखान्यावरून उडाला आणि दूर समुद्रात, शेवटच्या खऱ्या जागी जाऊन बसला.

मग तो धावत धक्क्यावर गेला. बहीण तिथेच असणार हे त्याला ठाऊक होतं. ‘पोहोचली’ वाचून ती मघाशीच आली होती आणि बांधलेल्या बोटींमधून हिंडून हिंडून दमली होती. दोरखंडाच्या ढिगावर बसून ती मोबाईलकडे टक लावून बघत होती.

"दादा, हे बघ काय झालं. आत्ता इथे होती, आता तिकडे लांब दाखवतंय. तुझं पान बिघडलंय."

तो तिच्याशेजारी बसला. "पान आत्ता नीट झालंय, चिमणे. आधी बिघडलेलं होतं. कालपासून बोटीचा काही पत्ता नाही. शोधायला लोक निघालेत."

तिने त्या लांबच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "होतं तसं कर."

"नाही गं करता येणार. शोधणारे तेच पान बघतात. त्यांना खरं दिसायला हवं."

"मग त्यांना खरं दाखव." तिने मोबाईल त्याच्या हातात कोंबला. "मला एकटीला तो आलेला दाखव. येतं ना तुला तसं करायला?"

येत होतं. चार ओळींचं काम होतं. लहानपणापासून तिने मागितलेलं काहीही त्याने नाकारलं नव्हतं, आणि ते तिला पुरतं माहीत होतं.

"नाही येत," तो म्हणाला. तो खोटं बोलतोय हे ओळखून तिने त्याच्या छातीवर मुठी मारायला सुरुवात केली, आणि त्याने तिला मारू दिलं.